नवी गाडी आधी मारुतीला

आमच्या गावात नवी गाडी कुणीही थेट घरी नेत नाही. ती आधी वेशीबाहेरच्या मारुतीला जाते. देव उजव्या हाताला ठेवून देवळाभोवती एक प्रदक्षिणा, चाकाखाली लिंबू, एक नारळ, आणि मग घर. सायकलीपासून हार्वेस्टरपर्यंत कुणाची यातून सुटका नाही. ग्रामपंचायतीचा कचऱ्याचा टेम्पो आला तेव्हा त्यालाही झेंडूचा हार घालून फिरवला होता. म्हणून मी विमान मागवलंय ही बातमी माझ्या माहेरी पोचली, तेव्हा किंमत विचारायच्या आधी पारावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरी, मारुतीला कसं आननार?"

"आणते की," मी म्हटलं. "न आणून जाते कुठं?"

बोलून तर बसले. विमान तेव्हा समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात होतं, म्हणजे खरं सांगायचं तर अजून नव्हतंच. नुसती ऑर्डर गेली होती.

विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं दोन-तीनशे माणसं बसणारं धूड येतं. माझं दोन माणसांचं. चालवणारा डावीकडं, दुसरा त्याच्या उजवीकडं, खांद्याला खांदा लागेल एवढीच जागा. पंख डोक्यावर, पुढं पंखा, खाली तीन चाकं. सुप्याच्या एमआयडीसीत माझं पत्र्याचे पार्ट काढायचं वर्कशॉप आहे, तिथली लहानातली लहान प्रेससुद्धा या विमानापेक्षा जड आहे. पण तुम्ही कितीही वेळा 'छोटं विमान' म्हणा, ऐकणाऱ्याच्या कानात फक्त विमान जातं. त्यातलं छोटं बाहेरच राहतं.

मग सुरू झालं. सुप्याच्या बाजारात भाजीवाली विचारायची, "ताई, नंबर लागला का?" जसं काही मी गॅसचं सिलेंडर लावलंय. माहेरच्या गावात मी अर्ध्या गावाची आत्या, तिथली पोरं तर मला बघून तोंड वर करून आभाळात बघायची. "आत्या हल्ली हवेत हाय," असं एकानं माझ्यासमोरच म्हटलं. हे त्यानं कौतुकानं म्हटलं की टोमणा मारला, ते मला कळलं नाही, पण मी त्याला चहा पाजायची बंद केली. घरी नवरा होताच. कुणी फोन करून मला विचारलं की तो सांगायचा, "आहेत, पण अजून लँड झालेल्या नाहीत."

मुलं शिकायला बाहेर गेली आणि घर मोकळं झालं की बायका योगासनं लावतात. मी शेजारच्या जिल्ह्यातल्या फ्लाइंग क्लबात नाव घातलं. तिथं माझ्या वर्गातली पोरं माझ्या मुलापेक्षा लहान होती आणि मास्तरही. मास्तरांनी पहिल्या दिवशी मला कुणाची तरी आई समजून बाकावर बसायला सांगितलं. मी बसले नाही. पुढं परवाना मिळाला तेव्हा त्यांनीच सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

पण विमान मागवायचं खरं कारण माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो.

दादा एस.टी.चे ड्रायव्हर होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या गाडीत बसायची, ते ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर गोधडीची घडी टाकून. खालून चटके बसायचे आणि समोर सगळा रस्ता माझा असायचा. घाट आला की दादा म्हणायचे, "आता बोलू नगं." मग मी श्वाससुद्धा हळू घ्यायची. कंडक्टरनं मागून दोरी दोनदा ओढली, टण टण, की गाडी हलायची. मी त्यांना सांगायची, मोठी झाले की मी चालवणार आणि तुम्ही शेजारी बसायचं. तेव्हा बाई ड्रायव्हर कुणी पाहिलेली नव्हती. दादा हसले नाहीत. "बस की चालवत," म्हणाले, "मी बसंन."

मोटार मी चालवतेच, आणि दादा शेजारी बसतातच. पण मोटारीत ते मला दर वळणाला गिअर सांगतात. मला त्यांना अशा ठिकाणी शेजारी बसवायचं होतं जिथला गिअर त्यांना ठाऊक नसेल.

मी त्यांना विमानाचं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "चालवनार कोन?"

"मी."

"मंग येतो. पन आधी मारुतीला."

निवृत्त झाल्यापासून दादा रोज सकाळी गावच्या थांब्यावर चिंचेखाली जाऊन बसतात. गाडी वळणावर दिसली रे दिसली की ते तिची पाटी वाचून मोठ्यानं सांगायचे, "नगर हाय. पारनेरवाल्यांनी बसून ऱ्हावा." बायका पिशव्या उचलायच्या किंवा परत खाली ठेवायच्या. स्वतः वर बघायचे कष्ट कुणी घेत नसे. दादांनी सांगितलं म्हणजे झालं. पगार नव्हता, तरी ती त्यांची नोकरीच होती, आणि मला वाटतं पहिलीपेक्षा त्यांना हीच जास्त आवडायची.

मग काचबिंदू निघाला. डावा डोळा आम्हाला कळायच्या आधीच गेला होता. उजव्यानं दिसायचं, पण नळीतून बघावं तसं, बाजूचं सगळं कापून टाकल्यासारखं. ऑपरेशन झालं, थेंब सुरू झाले. डॉक्टरांनी समजावलं की गेलेलं परत येत नाही, आपण उरलेलं सांभाळतोय. दादांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंचेखाली जाऊन बसले. फक्त आता ते वळणावर पाटी वाचत नव्हते. गाडी पिठाच्या गिरणीपाशी आली की वाचायचे.

माझ्या लक्षात आलं होतं. ऑर्डर मी त्याच महिन्यात दिली.

आणि वाट बघणं सुरू झालं. कारखान्यातून अधूनमधून फोटो यायचे. पहिला फोटो आला तो नुसत्या सांगाड्याचा. मी तो मोबाईलवर मोठा करून दादांच्या उजव्या डोळ्यासमोर धरला. त्यांनी मान इकडून तिकडं हलवत तो तुकड्या-तुकड्यानं पाहिला आणि म्हणाले, "ही तर उघडी चासी हाय. बॉडी कवा बांधनार?" तेव्हापासून रोज संध्याकाळी मी वर्कशॉपवरून परतताना माहेरी डोकावले की पहिला प्रश्न तोच, "बॉडी लागली का?" मी म्हणायची, लागतेय. मग इंजिनाचं घोडं कुठंतरी पेंड खात राहिलं, कारण इंजिन दुसऱ्या कंपनीचं आणि त्यांच्याकडं रांग. एक दिवाळी गेली. इंजिन आलं तर पंखा नाही. दादा म्हणाले, "आमच्या डेपोतबी असंच. टायर आलं की टूब न्हाई." त्यांना या उशिराचं काही वाटत नव्हतं, उलट तो ओळखीचा वाटत होता. मला मात्र रात्री अंथरुणावर पडलं की ती गिरणी दिसायची.

रंगाचं एक माझ्या मनात होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. जुन्या एस.टी.चा जो लाल, तोच मला हवा होता. कारखान्याच्या रंगांच्या कार्डात लाल होते बरेच, पण सगळे लिपस्टिकचे. म्हणून मी एका जुन्या गाडीचा फोटो पाठवून दिला आणि लिहिलं, हा. तिकडच्या बाईनं उलट विचारलं, या रंगावर धूळ आहे, धूळ धरून हवा की सोडून? मी लिहिलं, सोडून, ती इथं फुकट मिळते.

दुसरी दिवाळी जवळ आली तेव्हा दादा गाडी अगदी चिंचेपाशी आल्यावर पाटी वाचायला लागले होते. तपासणीला नेलं. डॉक्टरांनी दादांना बाहेर बसवून मला सांगितलं की उरलेलं किती टिकेल हे त्यांना सांगता येणार नाही, काही दाखवायचं असेल तर दाखवून घ्या. त्याच आठवड्यात कारखान्याची मेल आली. माझ्या खास लालसाठी वेगळी बारी लावावी लागेल, पावसाळा उजाडेल. मात्र याच बांधणीचं एक पांढरं विमान तयार उभं आहे, कुणीतरी ते नाकारलंय, चालत असेल तर लगेच पाठवतो.

मी वर्कशॉपच्या केबिनमध्ये दार लावून बसले. बाहेर प्रेस चालू होत्या म्हणून रडल्याचं कुणाला ऐकू गेलं नसावं. रडू रंगावरून आलं होतं, आणि आपण रंगावरून रडतोय याचा रागही आला होता. मग नाक पुसलं आणि लिहिलं, पांढरं पाठवा. आज पाठवा.

ते जहाजानं आलं, बंदरात कस्टममध्ये बसलं, सुटलं, आणि एका लांबच लांब कंटेनरमधून क्लबाकडं निघालं. वाटेवर सुपं लागत होतं. मी ट्रान्सपोर्टवाल्याला विनंती केली की ड्रायव्हरला माझ्या वर्कशॉपपुढं चहाला थांबू द्या. हे मी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. पण गाडी थांबली तेव्हा तिथं माहेरहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, हलगीसकट. कंटेनरचा ड्रायव्हर उत्तरेकडचा पोरगा. त्यानं खाली उतरून घाबरून विचारलं की आपल्या हातून काही झालं का. त्याला आधी हार घातला, मग सांगितलं.

कंटेनरला सील होतं, ते क्लबात पोचल्याशिवाय उघडता येत नव्हतं. लोक त्या बंद पेटीभोवती फिरले, ठोकून पाहिलं, फटीला डोळे लावले. वहिनी म्हणाली, "नवरीचं तोंड न दाखवताच वरात चालली." नारळ ट्रेलरच्या चाकापुढं फुटला. दादांनी उजवा हात कंटेनरच्या पत्र्यावर ठेवला आणि तो तसाच ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. शेवटी थांबून म्हणाले, "लांब हाय."

"पंख उभे करून ठेवलेत आत," मी म्हटलं.

"आसू दे. आली न्हवं सुप्यात? आता काय लांब न्हाई."

मलाही तसंच वाटलं. पण विमान जोडून झालं की तपासणी, तपासणी झाली की कागद, कागद झाले की अंगावर नंबर, नंबर टाकला की पुन्हा तपासणी. त्यांचं काही चूक नव्हतं. आभाळात जाणारी वस्तू चार वेळा बघितलीच पाहिजे, मी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये यापेक्षा जास्त कटकट करते. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. क्लबात ते पांढरं विमान हाताच्या अंतरावर उभं, आणि मी त्याच्या पंखावरची धूळ पुसत बसलेली. मास्तर म्हणायचे, मॅडम, घासून रंग जाईल. मी म्हणायची, जाऊ द्या, मला नाहीतरी हा नकोच होता.

त्याच दिवसांत एका सकाळी दादांनी थांब्यावर सांगितलं, "पारनेर हाय." एक लेकुरवाळी बाई त्यांच्या भरवशावर चढली, आणि गाडी निघाली नगरला. बाई दुपारी परत आली. काही बोललीसुद्धा नाही, उलट "आजोबा, माझंच ध्यान न्हवतं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी दादा चिंचेखाली गेले, बसले, आणि गाडी आल्यावर गप्प राहिले. त्यानंतर ते रोज गप्प राहिले. मी भावाकडून हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. विमान येईल, मी त्यांना वर नेईन, आणि ते खिडकीतून बघतील ते फक्त माझ्या समाधानासाठी, असं काहीतरी होईल. त्यांना तसं करायची सवय आहे. माझ्या हातची पहिली भाकरी त्यांनी अशीच खाल्ली होती.

अखेर मास्तरांनी ते विमान उडवून पाहिलं, मग मी त्यांच्याबरोबर उडवलं, मग एकटीनं. ते हातात असं बसलं की जसं काही माझ्याच मापाचं शिवलंय. खाली उतरून मी भावाला फोन केला, "दादांना आण. आणि गावाला सांग."

दादा आले ते इस्त्रीची खाकी पँट आणि पांढरा शर्ट घालून. खाकी पँट त्यांनी कधी जपून ठेवली होती देव जाणे. पिशवीत नारळ, तीन चाकांची तीन लिंबं, आणि कुंकवाचा करंडा. नारळ पंख्याजवळ फोडायचा नाही यावर क्लबाचा मेकॅनिक अडून बसला. करवंटीचा तुकडा उडून पंख्यात गेला तर पंखा संपला. दादा त्याच्याशी वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "त्याचं बराबर हाय. गाडी त्याच्या ताब्यात हाय तवर त्याचं ऐकायचं," आणि नारळ लांब गेटापाशी जाऊन फोडला. मग त्यांनी नाकावर हात फिरवून जागा शोधली आणि बोटानं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. एक रेघ थोडी तिरकी गेली. पांढऱ्यावर तेवढाच लाल, पण उठून दिसत होता. मला जो लाल हवा होता, त्याच्या फार लांबचा नव्हता तो.

आत बसवून पट्टे बांधले, कानाला हेडफोन लावले. मी सगळं एकदा मोठ्यानं तपासत गेले. धावपट्टीच्या टोकाला आम्ही सरळ उभे राहिलो तेव्हा ते म्हणाले, "बेल कुठं हाय?"

"बेल नसते दादा."

"आसं कसं?" त्यांनी हात पुढं केला आणि बोटाच्या पेरानं समोरच्या पॅनलवर दोनदा वाजवलं. टण टण नाही झालं, टक टक झालं. पण तेवढं पुरे होतं. मी गाडी सोडली.

चाकं सुटली तेव्हा दादांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "सुटली का?" मी हो म्हटलं. "कळलंच न्हाई," ते म्हणाले. ड्रायव्हर माणसाकडून याहून मोठी पावती मला नको होती. गावाच्या दिशेनं जाताना मला आठवलं की आता मी खरोखरच हवेत आहे, आणि त्या चहा बंद केलेल्या पोराला पुन्हा चहा सुरू करायला हरकत नाही.

गाव लांबूनच ओळखलं. पाण्याची टाकी, शाळेचं मैदान, आणि वेशीबाहेर मारुतीचं देऊळ, त्याच्याभोवती माणसंच माणसं. ठरलेल्या उंचीवर राहून मी वळायला सुरुवात केली. विमान शिकताना आम्ही सगळे धावपट्टीभोवती फिरायचो ते डावीकडं वळत, कारण चालवणारा डावीकडं बसतो आणि त्याला खालचं दिसावं लागतं. तीच सवय अंगात मुरलेली. डावा पंख खाली, डाव्या खिडकीत सगळं गाव. मला कळस दिसला, मंडप दिसला, हात हलवणारी माणसं दिसली. सगळेच्या सगळे दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवत होते. मी ओरडूनच सांगत होते, "दादा, ते बघा, सगळं गाव आलंय! दिसतंय का?"

दादांनी आपल्या बाजूच्या काचेकडं मान वळवली.

"दादा, दिसतंय का?"

"न्हाई," ते म्हणाले. "काय बी न्हाई. समदं पांढरं हाय."

दोन दिवाळ्या, ती गिरणी, ती चिंच, ते पांढरं विमान घाईनं मागवणं, सगळं एका क्षणात माझ्या छातीवर येऊन बसलं. उशीर झाला, एवढंच मला सुचलं. उशीर झाला आणि आता ते आपली समजूत काढतील.

तेवढ्यात हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, "उलटी..."

हे तरी माझ्या हातातलं होतं. मी स्टिक एका हातात धरून दुसऱ्या हातानं पुढच्या कप्प्यातली कागदी पिशवी ओढली आणि त्यांच्या मांडीवर टाकली. "ह्याच्यात करा, दादा. लाजू नका, होतं पहिल्यांदा."

"पिशवी कशाला?" दादा कडाडले. डेपोत क्लीनरवर ओरडायचे तो आवाज. "मला काय झालंय? तू उलटी घालतीस, तू! मारुती तुझ्या हाताला हाय. माझ्या हाताला नुसतं आभाळ हाय, मला काय दिसनार? प्रदक्षिना आशी घालत्यात का? देव उजवीकडं घे!"

मी खाली पाहिलं. ती माणसं आमचं स्वागत करतच नव्हती. ती सगळी मिळून हातानं खुणावत होती की फिरव, फिरव, उलटी चाललीस. उलटी फेरी आपल्यात एकाच वेळी घालतात, चितेभोवती, आणि तेव्हा कुणी हलगी आणत नाही. वहिनीनं नंतर सांगितलं की खाली दोन म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते.

मला इतकं हसू आलं की मास्तर बघत असते तर परवाना काढून घेतला असता. मी विमान सरळ केलं, गावापासून लांब नेलं, दम घेतला, आणि मोठा वळसा घालून परत आणलं. मग उजवा पंख खाली केला.

माझ्या बाजूला आता नुसतं आभाळ होतं. दादांच्या खिडकीत गाव होतं. त्यांनी कपाळ काचेला टेकवलं आणि उजवा डोळा हळूहळू फिरवायला सुरुवात केली, मोबाईलवरच्या फोटोवर फिरवायचे तसा. मी काही विचारलं नाही. घाटात बोलायचं नसतं.

"कळस," दादा म्हणाले.

मग थोड्या वेळानं, "हिर." ती आमची विहीर. "तिच्या कडंनं बांध. बांधाला आंबा." मग डोळा पुढं सरकून शोधायला लागला. "आपला पत्रा. त्येच्यावर काय लाल लाल... मिरच्या. तुझ्या वहिनीनं मिरच्या वाळत घातल्यात."

मी मान उंचावून पाहिलं. त्यांच्या खांद्यावरून मला पत्र्यावरचा एक लाल डाग दिसला, तळहाताएवढासुद्धा नाही. दादा घरातून पहाटे अंधारातच निघाले होते, मिरच्या त्यानंतर पत्र्यावर गेलेल्या. त्यामुळे ते माझ्या समाधानासाठी बोलत नव्हते. त्यांना दिसत होतं. मी पंख होता तिथं ठेवला, तसूभर वर नाही की खाली नाही. एवढं नीट वळण मी त्याआधी घेतलं नव्हतं आणि त्यानंतरही मला जमलेलं नाही.

प्रदक्षिणा पुरी होत आली तेव्हा दादांनी काचेवर बोट टेकवलं. "ह्यो रस्ता. रस्ता धरला की गाडी सापडती." बोट काचेवरून हळूहळू सरकत गेलं, गिरणीवरून, वळणावरून, वळणाच्याही खूप पलीकडं, आणि थांबलं. तिकडं रस्त्यावर एक लाल ठिपका गावाकडं येत होता.

"पारनेर हाय," दादा मोठ्यानं म्हणाले. अगदी चिंचेखाली बसून म्हणायचे तसं, कुणीतरी पिशवी उचलावी म्हणून. पाटी एवढ्या वरून कुणालाच दिसली नसती, ते गाडीच्या वेळेवरून बोलत होते. मग त्यांनी घड्याळ डोळ्याजवळ नेलं. "येळंवर हाय."

हात खाली आला तो पॅनलवर. तिथं त्यांनी थोपटलं, एस.टी.च्या स्टिअरिंगला थोपटायचे तसं.

"हीबी येळंवर आली, पोरी."

खाली हलगी वाजत असावी, माणसांचे हात आता खाली आले होते आणि काहींचे जोडलेले दिसत होते. देवळावरून आम्ही सरळ झालो.

"आता घरी?" मी विचारलं.

दादांनी आधी काचेतून एकदा आणखी पाहिलं. मग पेरानं पॅनलवर दोनदा वाजवलं आणि म्हणाले, "आजून एक घाल. उजवीकडनंच."